जमेची बाजू

काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, हे कारखान्यात गेले की दिवस खायला उठतो गं. गॅलरीत चार कुंड्या लावाव्यात म्हणते." लाव की. पण नर्सरीत जायच्या आधी माझं ऐक. तिथे गेलीस की तो पोरगा तुला फुललेला गुलाब देईल, फुललेली जरबेरा देईल, वर एक बोन्साय गळ्यात मारील. पंधरा दिवसांनी तू मला पुन्हा फोन करशील, सगळं वाळलं म्हणून.

मी काही बागाईतदारीण नव्हे. अलिबागेकडची पोर, लग्न होऊन इथे सिल्वासाला आले, आणि खानवेलच्या पुढे एका पाड्यावरच्या मराठी शाळेत मास्तरीण झाले. जे काही कळलं ते वारली पोरांच्या आयांकडून कळलं, आणि त्याहून जास्त झाडं मारून कळलं. मेलेल्या झाडांचा हिशेब ठेवला असता तर एक पाडा वसला असता.

हिशेबावरून आठवलं. बागेच्या पहिल्या वर्षी मी वही घातली होती. शिक्षिकेला वही घातल्याशिवाय चैन कुठे? डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. कुंड्या, शेणखत, निंबोळी पेंड, झारी, बियांची पाकिटं, सगळं उजवीकडे. डावीकडे मेथीच्या सहा जुड्या, मूठमूठ मिरच्या, अळूची पानं आणि टोमॅटो पावणेतीन किलो. मार्चअखेर बेरीज मारली तर टोमॅटो मला बाजाराच्या नऊपट भावाने पडला होता. तुझे काका म्हणाले, "चिरू नकोस, बँकेच्या लॉकरमध्ये ठेव." त्यानंतर मी खर्च लिहायचं सोडलं. डावी बाजू मात्र लिहीत राहिले. पुढे पुढे तिथे भाजीपेक्षा भलतंच काहीबाही यायला लागलं. त्या वहीतलंच तुला सांगते आहे.

आता पहिलं काम. काहीही विकत आणू नकोस. एक खडू घे. गॅलरीच्या फरशीवर सकाळी नऊला ऊन कुठवर येतं तिथे रेघ मार. मग बाराला, मग तीनला, मग पाचला. आठ दिवस हेच कर. तुझी गॅलरी पश्चिमेची आहे, दुपारनंतर तिथे भट्टी होणार आणि सकाळी सावली असणार. फळभाजीला, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना, पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. पालेभाजी तीन-चार तासांत भागवून घेते. अळू, पुदिना, आलं, हळद अर्ध्या सावलीतही कुरकुर करत नाहीत. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोलकर होऊन गेले. माणूस गणिताचा प्राध्यापक, पण त्यांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यांना आपापल्या जागेवर मोजमाप करून शेती करायला शिकवलं. शेती म्हणजे पानांनी ऊन गोळा करणं, हे त्यांच्या मांडणीचं मूळ. तुझी चार फुटांची गॅलरी असो की चार एकर, आधी ऊन मोजायचं. माती, खत, पाणी सगळं आणता येतं, ऊन विकत आणता येत नाही.

आणि आठ दिवस चार चार वेळा तू त्या गॅलरीत जाशील ना, तेव्हा समोरच्या शिरीषावर पोपट किती वाजता येतात, खालच्या वॉचमनची बायको केव्हा पाणी भरते, हेही कळेल. कुंडी यायच्या आधीच दिवसातला एक तुकडा भरला की नाही?

मुहूर्त म्हणशील तर आत्ताचाच. भाद्रपद संपत आला. इथला पाऊस आपल्या अलिबागेसारखाच, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तो सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. जूनमध्ये उत्साहाने टोमॅटो लावणारी माणसं मी दरवर्षी बघते. रोप गुडघ्याएवढं होतं आणि एका सकाळी हिरवंगार असतानाच मान टाकतं. मुळं पाण्यात कुजतात, जमिनीतला रोग चढतो, मग किती का औषध मारा. पावसाळा भेंडी, काकडी, दोडका, कारलं, पडवळ, अळू, हळद यांचा. टोमॅटो, मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वाल ही थंडीची मंडळी. उन्हाळ्यात माठ आणि अंबाडी सोडून फार कुणाला बोलवूच नये. आपणच घरात पंख्याखाली बसतो, त्यांनी काय पाप केलंय?

घटस्थापना जवळ आली आहे. घट बसवशीलच. घटाच्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते वीतभर होतं, त्याला आपण देवीची कृपा म्हणतो. आहेच. पण माझ्या सासूबाई म्हणायच्या, ती बियाण्याची परीक्षासुद्धा आहे. घरातलं धान्य पेरणीला जिवंत आहे का ते त्यात कळतं. तू या वर्षी घटाशेजारी एका पसरट कुंडीत मोजून दहा मेथ्या पेर, दहा धणे पेर. नऊ दिवसांत किती उगवलं ते लिही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढील. धणे मात्र छळतील, आठ-दहा दिवस, कधी जास्तही. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून तो चपलेखाली हलका रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचा. लाटण्याने रगडलास तरी चालेल, चप्पल ही माझ्या आईची रीत. कोथिंबिरीचं रोप उपटून दुसरीकडे लावू नकोस, ती रुसते. जिथे पेरलीस तिथेच वाढू दे.

कुंड्यांचं. महागातली घेऊ नकोस, पण फुकटातलीही नको. इथे प्लास्टिकचे आणि धाग्याचे कारखाने पावलोपावली. कर सवलतीमुळे ऐंशीच्या दशकात ते आले आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही आलो. त्यामुळे भंगारात निळे ड्रम ढिगाने मिळतात. अर्धा कापला की दोन झकास कुंड्या होतात. मीही एक आणला होता. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "साबणाचा आहे, ताई." तीनदा धुतला, माती भरली, वांगी लावली. आठ दिवसांत पानं कडेने तांबडी पडली, आणि पाणी घातलं की मातीतून असा वास यायचा की नाकातले केस जळावेत. त्यात काय होतं ते देव जाणे. सगळी माती फेकली. तेव्हापासून माझा नियम एकच: खायचं झाड लावायचं तर ज्या डब्यात आधी खायचंच काही होतं असाच डबा. तेलाचे डबे, लोणच्याचे ड्रम, हॉटेलातल्या खायच्या जिनसांच्या बादल्या. फुलझाडाला वाटेल तो चालतो.

कारखान्यातली एक गोष्ट मात्र जरूर माग. जावईबापूंना सांग, सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या आण म्हणून. तीन-तीन इंचांचे तुकडे कापायचे, मातीत उभे रोवायचे, आत रोप. रोपाभोवती कुंपण होतं. पुढे पुठ्ठा मातीतच विरघळतो. पण त्यांनी सुताचं वेस्टेज आणलं वेल बांधायला, तर नको म्हण. पॉलिएस्टरचा धागा ताणला की दोडक्याच्या कोवळ्या देठात सुरीसारखा रुततो. जुन्या सुती साडीच्या चिंध्या आठ आकड्यासारख्या सैल बांधायच्या.

पाण्याचा तर मंत्रच नाही, बोट आहे. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपस. ओलं लागलं तर परत फिर. माणसं झाडं तहानेने मारत नाहीत, मायेने मारतात. सकाळी घाल, झाडाच्या पानांवर नको, मातीत घाल. कुंडीखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच टाक. डास अंड्यातून उडण्यापर्यंत पोचायला आठवडा-दहा दिवस पुरतात, तेव्हा ठेवायच्याच असतील तर दर रविवारी उपड्या करायच्या. आमच्या गल्लीत डेंग्यू आला तेव्हा सगळे माझ्या कुंड्यांकडे बोट दाखवत होते. बशा कोरड्या ठणठणीत होत्या म्हणून वाचले, नाहीतर कुंड्यांबरोबर मलाही उचलून दमणगंगेत टाकलं असतं.

मोठं झाड असेल तर मग आणखी एक. इथून जवळ, उंबरगावपाशी देहरी गावात भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. माझ्यासारखेच आधी मास्तर होते, मग नैसर्गिक शेतीकडे वळले, २०१५ साली गेले. जपानच्या फुकुओकांनी येऊन त्यांची वाडी पाहिली होती आणि वाखाणली होती. सावे नारळाच्या, चिकूच्या बुंध्याशी पाणी घालत नसत. बुंध्यापासून दूर चर काढून त्यात पाणी. कारण पाणी पिणारी बारीक मुळं बाहेर, फांद्यांच्या सावलीच्या काठाशी असतात. बुंध्याशी आळं करून पाणी साठवलं तर बुंधा कुजतो. आमच्या मागच्या दाराचा कढीपत्ता तीन वर्षं खुरटा होता. बुंध्याशी ओतत असलेला तांब्या मी दोन हात पलीकडे सरकवला, आणि वरचा शेंडा खुडला. आता अख्ख्या गल्लीच्या फोडण्या त्याच्यावर आहेत.

आता करटोलीची गंमत सांगते. ही माझ्या वहीत पानभर आहे.

पावसाळ्यात बाजारात वारली बायका टोपलीत करटोली घेऊन बसतात, हिरवी, काटेरी, सुपारीहून जराशी मोठी. किलोला भाव ऐकून घाम फुटतो. मी म्हटलं, घरीच लावावी. एका पोराकडून कंद मागवला, डब्यात पुरला. जूनच्या पहिल्या सरीला वेल आला, छतावर चढला, पिवळी धमक फुलं. फळ एक नाही. दुसऱ्या वर्षीही तसंच. खत घातलं, ताक घातलं, शेवटी रागाने दोन शब्द बोललेही. तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याची आई दाखल्याच्या कामाला शहरात आली होती, ती भेटायला आली. वेलाकडे बघून पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, हा तर नर आहे बाई, हा काय पोरं घालणार? करटोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. मी बीएड झालेली, आणि हे ठाऊक नाही! पुढल्या वेळी तिने फडक्यात बांधून दोन मादीचे कंद आणून दिले आणि बजावलं, एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो, जास्त लावू नकोस. त्या श्रावणात आम्ही घरची करटोली खाल्ली. तिला डबा पाठवला, तेव्हा तिने उलट निरोप पाठवला की मीठ कमी आहे.

वहीत त्या दिवशी डावीकडे लिहिलंय: "आज मला शिकवलं गेलं." तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवून झाल्यावर कुणी आपल्याला मन लावून काही शिकवावं, याची किंमत तुला आत्ता नाही कळणार.

फुलांचंच पुढे चालवते, कारण तुझं घर चौथ्या मजल्यावर आहे. तिथे मधमाशा कमी येतील. वेल फुलेल, छोटी छोटी फळं धरतील, आणि पिवळी पडून गळतील. तू म्हणशील रोग पडला. रोग नाही, माशी आली नाही. मग माशीचं काम आपण करायचं. फुलामागे इवलंसं फळ दिसतं ती मादी, नुसत्या बारीक देठावर असतो तो नर. नराच्या पाकळ्या मागे सारायच्या, आतला पिवळा गाभा मादीच्या गाभ्याला हलकेच टेकवायचा. झालं. पण वेळ सांभाळायची. लाल भोपळा आणि कारलं पहाटे फुलतं, नऊ-दहापर्यंत उरकायचं. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात. दुधी तर पांढराशुभ्र, दिवे लागताना.

याच दोडक्याने तुझ्या काकांना बागेत आणलं. त्यांची पहिली पाळी असायची, चारपर्यंत घरी. आयुष्यभर त्या टेक्श्चरायझिंगच्या मशिनींच्या घरघरीत उभं राहून कान बधिर झालेले, चिडचिड व्हायची, टीव्हीचा आवाज एवढा की भिंत हलावी. एके संध्याकाळी मला ताप होता. मी म्हटलं, दोडक्याची सात फुलं उमललीत, जरा उरकून या. "मी काय भुंगा आहे?" म्हणत गेले. तासभर आलेच नाहीत. बघते तर बॅटरी दातांत धरून स्टुलावर चढलेत आणि नराचं फूल असं धरलंय जणू सुईत दोरा ओवताहेत. दुसऱ्या दिवशी वहीत त्यांच्या अक्षरात नोंद: "दोडका. मादी ७. लागली ५." तेव्हापासून संध्याकाळचं ते खातं त्यांचं. त्या वेळेला त्यांच्याशी बोलायला लागत नाही, ऐकायलाही लागत नाही. टीव्ही बंद असतो. आमच्या घरातली ती सगळ्यांत शांत वेळ.

कुणी म्हणेल, हे म्हातारपणीचे चोचले. पण नेदरलँड्समध्ये २०११ साली छापून आलेला एक प्रयोग मी वाचला आहे. माणसांना मुद्दाम ताण येईल असं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास वाचायला बसवलं आणि अर्ध्यांना अर्धा तास बागेत काम करायला. ताणाचं संप्रेरक दोघांचंही उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. मनही त्यांचंच पूर्ण ताळ्यावर आलं. मी जन्मभर पुस्तकांची बाजू घेतलेली बाई, म्हणून जरा लागलं. पण खोटं कसं म्हणू?

अंगाची काळजी मात्र घे. वाकून काम करायचं नाही, पाटावर बसायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर शेणखतात हात घालण्याआधी घेऊन टाक. आणि कधी खाली सोसायटीच्या बागेत पावसात उतरलीस, तर साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नकोस. दक्षिण गुजरातच्या या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोचा ताप निघतो, उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून शिरतो. भातलावणीवाल्यांना जास्त, पण आपल्याला वगळलंय असं नाही.

खताला बाजारात जायची गरज नाही. एका बादलीला भोकं पाड, तळाला उसाच्या गाडीवरची चिपाडं टाक, वर भाजीची देठं, चहाचा धुतलेला चोथा, आणि प्रत्येक थरावर मूठभर भाताचा तूस किंवा वाळका पाला. आंबट वास आला की ओल जास्त झाली, सुकं घाल. दोन महिन्यांत माती होते. शिजलेलं अन्न आणि दही त्यात टाकू नकोस, नाहीतर उंदीर आणि सासू दोघंही बोलतील. मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर फवारायचं, पानाच्या पाठीवर. एवढंच. औषधांच्या बाटल्यांची रांग लावणारी माणसं बागेत नसतात, दवाखान्यात असतात.

'हिरवा वन' बघितलंस का? पिपरियाला आहे, आणि दादऱ्याला वनगंगेची बाग. जाऊन ये, हिरवळ सुंदर आहे, फोटो छान येतात. पण तिथे "हात लावू नये" अशी पाटी असते. हात लावायला तुझी गॅलरीच.

आता शेजाराचं सांगते, कारण तुझी खरी तक्रार तीच आहे, मला कळतं. सिल्वासात निम्मी माणसं पाहुणी. तुझ्या मजल्यावर चार दारं असतील तर चार भाषा असतील. दार वाजवायचं तरी काय निमित्ताने? साखर मागायची ती आपल्या माणसाकडे. पण कुंडीतलं काही देण्यासाठी कुणाचंही दार वाजवता येतं, आणि कुणी ते तोंडावर बंद करत नाही. मी अळूची पानं गुजराती शेजारणीला दिली, तिने त्याची पात्रा करून पाठवली. तीच आपली अळुवडी, पण तिच्यात गोडाचा हात सैल. ओडिशाच्या एका सुनेने माझ्या भोपळ्याची फुलं मागितली. मी घाबरले, फुलं दिली तर भोपळा कुठून येणार? ती म्हणाली, फक्त नर फुलं द्या. तांदळाच्या पिठात बुडवून तळून आणली. दहा नरांतले नऊ असेही वायाच जातात. तेव्हापासून नर फुलं तिची. केरळच्या कुटुंबाला शेवग्याच्या शेंगांहून पाला हवा असतो. माझ्या छतावरून काय काय कुणाच्या कढईत जातं याची यादी वहीत डावीकडे आहे, आणि ती भाजीच्या यादीहून लांब आहे.

मिरचीचं रोप तर कुणालाही दे, नाही म्हणत नाहीत. गंमत बघ, ही मिरची, पेरू, काजू, पपई, सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेलं. या मुलखावर त्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षांच्या आसपास होतं. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा सुटलं, त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखी आपली किती माणसं होती. पोर्तुगीज गेले, मिरची कुणी हाकलली नाही. आता ती नसली तर आपला ठेचा कसा व्हायचा?

आणि वाल. याच्यासाठीच खरं तर एवढी प्रस्तावना केली.

आपल्याकडे भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकतात, वर पाणी द्यावं लागत नाही, आणि थंडीत त्या शेंगांची पोपटी लागते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून. इथे आले त्या पहिल्या थंडीत मी त्या वासासाठी रडले होते, हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मग वलसाडच्या रस्त्यावर एकदा बस थांबली आणि तोच वास आला. बघते तर मडकं उपडं घातलेलं, भोवती जाळ, आत पापडी, कंद, रताळी, वर कसलासा रानपाला. त्याला इथे उंबाडियुं म्हणतात. पाला वेगळा, मसाला वेगळा, पण मडकं तेच आणि थंडी तीच. त्या वर्षी मी माहेरून मूठभर वाल मागवला. दर वर्षी पेरते, दर वर्षी पहिल्या दोन चांगल्या शेंगांना लाल चिंधी बांधते. चिंधीला हात लावायचा नाही, त्या बियाण्याच्या. वेलावरच खडखड वाजेपर्यंत वाळू द्यायच्या. मग बिया काढून, उन्हात तापवून, चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळून बरणीत. पाड्यावरच्या बायका असंच ठेवायच्या. किडा लागत नाही. पाकिटातल्या संकरित बियाण्याची मात्र अशी साठवण करू नकोस, पुढल्या वर्षी ते आईबापांवर जातंच असं नाही. गावठी असेल तेच ठेव.

एका वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला आणि माझा सगळा वाल कुजला. बरणीही रिकामी, सगळंच्या सगळं पेरून बसले होते. म्हणून सांगते, कधीही सगळं पेरायचं नाही. मी रडकुंडीला आले, तर खालच्या गुजराती शेजारणीने डबा उघडला. तीन वर्षांपूर्वी मीच तिला दिलेला वाल तिने तिच्या उंबाडियुंसाठी लावला होता, आणि बी ठेवलं होतं. माझाच वाल मला परत मिळाला. म्हणून बियाणं वाटून टाकायचं. जपायची ती सगळ्यांत चांगली जागा.

तुझ्यासाठी बारा दाणे वेगळे काढले आहेत. सहा पेर, सहा ठेव. पावसाची शेवटची सर जाऊन जमीन निवली की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल. एकदा पाणी, मग रोप वर येईपर्यंत हात आवर. तोवर खडूच्या रेघा मार.

रविवारी ये. येताना झाकणाची छोटी बरणी आण आणि जावईबापूंना त्या नळ्यांचं विसरू देऊ नकोस. संध्याकाळी साडेपाचच्या आत पोच, दुधी फुलायच्या आत. काका वाट बघणार नाहीत. रिक्षावाल्याला झेंडा चौकापर्यंतच सांग, पुढची गल्ली त्यांना सापडत नाही. मी येईन चौकात.